चेहरा आणि तसबीर : इराणी चित्रकार वाय. झेड. कामी यांच्या कलेचा परिचय

'चेहरा' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याची गणती कोणी ठेवीत नाही. आणि तो मूळचा फारसी आहे हे तर बोलताना कोणाच्या ध्यानीही येत नाही. 'तसबीर' हा शब्द मूळ अरबी, परंतु फारसीचा हात धरून तो आपल्याकडे आला. एखादे चित्र मूळ मनुष्याशी तंतोतंत जुळले म्हणजे आपण त्यास 'हुबेहूब' म्हणतो. तो शब्दही त्याच वाटेने आला आहे. मनुष्याचे मुख, त्या मुखाचे चित्र आणि त्या चित्राचा खरेपणा, या तिन्ही गोष्टींसाठी आपण फारसीकडून शब्द घ्यावेत, हा केवळ योगायोग नव्हे. शब्दांबरोबर माणसेही आली होती, आणि त्यांत चित्रकार होते.

हुमायून बादशहा राज्यभ्रष्ट होऊन इराणात आश्रयास राहिला होता. तेथून परतल्यावर १५४९ साली त्याच्या काबूल येथील दरबारी ख्वाजा अब्दुस्समद आणि मीर सय्यद अली हे दोन इराणी चित्रकार रुजू झाले. पुढे अब्दुस्समदाने बालवयातील अकबरास चित्रकला शिकविली. अकबर गादीवर आल्यानंतर स्वतःची तसबीर काढविण्यास बसे आणि राज्यातील सर्व थोर मानकऱ्यांच्या तसबिरी त्याने काढविल्या, असे अबुल फजलने लिहून ठेविले आहे. फारुख बेग नावाचा दुसरा एक इराणी चित्रकार तर काबूल आणि अकबराचा दरबार असा प्रवास करीत दक्षिणेत विजापुरास आला आणि दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या पदरी राहिला. देश सोडून परक्या भूमीत जाणारा आणि तेथील मनुष्यांचे चेहरे रंगविणारा इराणी चित्रकार ही आपल्या इतिहासाला अनोळखी व्यक्ती नाही. त्याच जातीच्या, परंतु आजच्या काळातील एका चित्रकाराचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव वाय. झेड. कामी.

पूर्ववृत्त

कामरान युसुफझादे हे त्यांचे मूळ नाव. 'वाय. झेड. कामी' हे त्याचेच आटोपशीर रूप होय. त्यांचा जन्म १९५६ साली तेहरान शहरी झाला. त्यांच्या मातोश्री स्वतः व्यक्तिचित्रे रंगवीत असत. त्यामुळे रंगांचा वास, कॅनव्हास आणि समोर स्थिर बसलेले मनुष्य या गोष्टी त्यांस बालपणापासून घरच्याच होत्या. इतर मुले ज्या वयात अक्षरे गिरवितात त्या वयात ते आईच्या शेजारी बसून मुखरेषा गिरवू लागले.

१९७० नंतरच्या दशकात ते शिक्षणासाठी परदेशी गेले. पॅरिस येथील सोरबोन विद्यापीठात त्यांनी जो विषय घेतला तो चित्रकला नव्हे, तत्त्वज्ञान होय. ते पॅरिसला असतानाच १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली. शहा देश सोडून गेले आणि धर्मसत्ता प्रस्थापित झाली. लागलीच १९८० साली इराकशी युद्ध पेटले व ते १९८८ पर्यंत चालले. शिक्षणासाठी घर सोडलेल्या अनेक इराणी तरुणांस अशा रीतीने परतीची वाट अवघड झाली. जे तात्पुरते म्हणून निघाले होते ते कायमचे स्थलांतरित झाले. कामी १९८४ साली न्यूयॉर्क येथे गेले आणि तेथेच त्यांनी आपले बिऱ्हाड व चित्रशाळा थाटली.

अमेरिकेत त्या काळी इराणी मनुष्य होणे सोपे नव्हते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. १९७९ च्या नोव्हेंबरात तेहरान येथील अमेरिकी वकिलातीत बावन्न अमेरिकनांस ओलीस धरण्यात आले आणि ४४४ दिवसांनी, १९८१ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली. त्या दिवसांत 'इराणी' हा शब्द ऐकताच अनेक अमेरिकनांच्या मनासमोर मनुष्य येत नसे, तर जमाव येई. अशा देशात एक इराणी चित्रकार येतो आणि आयुष्यभराचे कार्य म्हणून एकेकट्या मनुष्याचा चेहरा रंगवू लागतो. या निवडीचे महत्त्व या पार्श्वभूमीवरच कळते.

इराणातील व्यक्तिचित्राची परंपरा

कामी यांची चित्रे समजावयाची तर त्यांच्या मागची परंपरा थोडीशी तरी ठाऊक पाहिजे. जुन्या फारसी पोथ्यांतील लघुचित्रे पाहिली असता असे दिसते की, त्यांत राजा, प्रेमिक आणि सेवक या सर्वांचे चेहरे जवळजवळ सारखेच असतात. पौर्णिमेच्या चंद्रासारखे वाटोळे मुख, धनुष्याकृती भुवया, बारीक ओठ. हा चित्रकाराचा अनाडीपणा नव्हे. चित्रकार तेथे अमुक मनुष्य रंगवीत नसून सौंदर्याचा आदर्श रंगवीत असे.

पुढे कजार घराण्याच्या काळी मोठमोठी तैलचित्रे निघू लागली. फत्तेअली शहा (राज्यकाल १७९७ ते १८३४) याने आपली पुरुषभर उंचीची अनेक चित्रे काढविली आणि ती परदेशच्या राजांसही धाडली. त्या चित्रांत कमरेपर्यंत रुळणारी काळीभोर दाढी, रत्नजडित मुकुट, मोत्यांचे बाजूबंद ही सारी सामग्री डोळे दिपवून टाकते. परंतु त्या सामग्रीआडचा मनुष्य मात्र आपणास भेटत नाही. चित्र मोठे होते ते सत्ता मोठी आहे हे सांगण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोहम्मद गफ्फारी ऊर्फ कमाल-उल-मुल्क या थोर चित्रकाराने युरोपात जाऊन तेथील जुन्या चित्रांचा अभ्यास केला, आणि १९११ साली तेहरान येथे कलाशाळा स्थापन केली. समोरचे मनुष्य जसे दिसते तसे, छायाप्रकाशासह, रंगविण्याची युरोपीय रीत त्यांच्यामुळे इराणात रुजली. १९४० साली ते वारले. परंतु त्यांच्या शिष्य-प्रशिष्यांनी ती रीत चालू ठेवली. कामी यांच्या मातोश्रींचे चित्रण याच रीतीचे होते. म्हणजे आदर्श चेहरा, सत्तेचा चेहरा आणि जसा आहे तसा चेहरा, असे तीन वारसे या चित्रकारास जन्मतःच मिळाले होते. त्याने त्यांचे काय केले ते आता पाहू.

चित्रे कशी आहेत

कामी आपल्या मित्रांचे, आप्तांचे, कधी अनोळखी मनुष्यांचेही छायाचित्र घेतात आणि त्यावरून लिननच्या मोठ्या कापडावर तैलरंगांनी चित्र रंगवितात. काही चित्रे दोन पुरुष उंचीची आहेत. त्यांत कित्येकदा केवळ मस्तक आणि खांदे एवढेच असते. मागे घर नाही, वृक्ष नाही, खुर्ची नाही. अंगावरील वस्त्र इतके साधे की त्यावरून मनुष्याचा धंदा किंवा सांपत्तिक स्थिती ओळखू येत नाही. पुष्कळ चित्रांना नावही नसते. असलेच तर केवळ एकेरी पहिले नाव.

आता विचार करा, एवढा मोठा चेहरा आपण एरवी कोठे पाहतो? राजवाड्यात राजाचा, देवालयात देवाचा, चौकात पुढाऱ्याचा आणि रस्त्याच्या कडेला जाहिरातीतील नटनटींचा. या सर्वांचे आपणापाशी काही मागणे असते. आज्ञा पाळा, नमस्कार करा, मत द्या, विकत घ्या. कामी यांच्या चित्रातील मनुष्य आपणापाशी यांपैकी काहीही मागत नाही. फत्तेअली शहाने जो आकार सत्तेसाठी वापरला तोच या चित्रकाराने ज्याच्या हाती कसलीही सत्ता नाही अशा मनुष्यास देऊन टाकला आहे. आमच्या मते त्यांच्या कलेतील पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही होय.

दुसरी गोष्ट रंगांची. तैलरंगाला स्वभावतः चकाकी असते. कामी ती चकाकी नाहीशी करतात. त्यांच्या चित्राचा पृष्ठभाग कोरडा, धुळकट, जुन्या भिंतीसारखा दिसतो. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला असता तो भिंतीत मुरतो व भिंतीचाच होऊन राहतो. या भित्तिचित्राच्या पद्धतीस 'फ्रेस्को' म्हणतात, आणि कामी यांच्या चित्रांकडे पाहताना प्रेक्षकांस तिचे स्मरण होते. चकाकणाऱ्या पृष्ठभागावरून प्रकाश आपल्या डोळ्यांवर परत फेकला जातो. कोरडा पृष्ठभाग प्रकाश जिरवितो, आणि त्यामुळे तो चेहराच आतून मंद उजळल्यासारखा भासतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अस्पष्टपणा. या चित्रांतील रेषा किंचित हललेल्या, पुसटलेल्या असतात. दुरून पाहिले तर चेहरा पूर्ण दिसतो. अधिक नीट पाहावे म्हणून जवळ जावे तो नाक, डोळे, ओठ रंगांच्या डागांत विरून जातात. मग प्रेक्षक पुन्हा मागे सरतो. मनुष्याला ओळखण्याची गोष्टही अशीच नाही काय? ज्यांच्यासमवेत आपण एका घरात राहतो त्यांची मुद्रा, ती डोळ्यांपुढून गेल्यावर, बारकाव्यांनिशी आठवू लागलो तर आठवत नाही. आणि तरीही हजारांच्या गर्दीत ती आपण ओळखतो.

फायूमची चित्रे

या चित्रकाराचे खरे पूर्वज शोधावयाचे तर इराणच्याही पलीकडे, प्राचीन मिसर देशात गेले पाहिजे. कैरोच्या नैर्ऋत्येस फायूम नावाचा सुपीक प्रदेश आहे. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत तो रोमन साम्राज्याच्या अमलाखाली होता, आणि तेथे मिसरी, ग्रीक व रोमन चालीरीती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मृत देह टिकवून ठेवण्याची मिसरी पद्धत तेथील लोकांनी चालू ठेवली. परंतु देहाच्या वेष्टनावर, मुखाच्या जागी, ते त्या मनुष्याचे लाकडी फळीवर रंगविलेले चित्र बसवीत. काही चित्रे वितळविलेल्या मेणात रंग कालवून काढलेली आहेत. १८८८ साली इंग्रज संशोधक फ्लिंडर्स पेट्री यास हवारा येथील उत्खननात अशी अनेक चित्रे सापडली. आज अशी सुमारे नऊशे चित्रे ज्ञात असून लंडन, पॅरिस, कैरो इत्यादी ठिकाणच्या संग्रहालयांत ती विखुरलेली आहेत.

ही चित्रे ज्याने पाहिली तो ती विसरत नाही. सरळ समोर पाहणारे, मोठे, काळेभोर डोळे. मागे काही नाही. ओठांवर हसू नाही. बहुतेकांची नावे काळाच्या ओघात नाहीशी झाली. राज्य गेले, भाषा बदलली, देवही बदलले. परंतु अठराशे वर्षांपूर्वीची ती तरुण मुलगी, तो आखूड दाढीचा पुरुष आपणासमोर अशा रीतीने येतात की जणू आत्ताच काही बोलणार होते. पुढे पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्यांत संतांच्या ज्या पवित्र प्रतिमा रंगविल्या जाऊ लागल्या त्यांचा उगम याच चित्रपद्धतीत आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

कामी यांनी या फायूमच्या चित्रांचे आपणावरील ऋण मान्य केले आहे. आणि ते न सांगताही दिसले असते. कारण तीच समोरासमोरची मांडणी, तेच रिकामे पार्श्वस्थळ, तेच मौन. मृत्यूच्या दारी मनुष्याची पदवी, संपत्ती आणि जात गळून पडते व चेहरा तेवढा शिल्लक राहतो, हे फायूमच्या चित्रकारांस ठाऊक होते. कामी तीच दृष्टी जिवंत मनुष्याकडे वळवितात.

मिटलेले डोळे

मात्र एका बाबतीत ते त्या पूर्वजांपासून वेगळे होतात. व्यक्तिचित्राचा प्राण डोळ्यांत असतो, असे प्रत्येक चित्रशाळेत शिकवितात. कामी यांनी अनेक चित्रांत डोळे मिटलेले किंवा खाली वळलेले दाखविले आहेत. प्रथमदर्शनी आपणास वाटते की, दार बंद झाले. हे मनुष्य निद्रित आहे, की मृत आहे, की प्रार्थनेत आहे, असा प्रश्न पडतो. आणि चित्र उत्तर देत नाही.

थोडा वेळ थांबले म्हणजे एक निराळी गोष्ट ध्यानी येते. ज्याचे डोळे उघडे आहेत त्याला आपण पाहतो तेव्हा तोही आपणास पाहतो. आपण सावध होतो, आपली मुद्रा नीट करतो. ज्याचे डोळे मिटले आहेत तो आपणावर विश्वास टाकतो. निजलेल्या बालकाकडे पाहताना आपला आवाज आपोआप खाली येतो, तसेच येथे घडते. शिवाय आपणास हेही कळते की, या मनुष्याच्या आत एक दालन आहे, जेथे आपला प्रवेश नाही. त्या दालनाचा मान राखणे हेच त्या मनुष्याचा मान राखणे होय.

ज्या सोरबोन विद्यापीठात कामी तत्त्वज्ञान शिकले तेथेच १९७३ पासून काही वर्षे इमॅन्युएल लेव्हिनास नावाचे ज्यू तत्त्वज्ञ अध्यापन करीत. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः जर्मनांच्या कैदेत होते व त्यांचे लिथुएनियातील आप्तजन मारले गेले. त्यांच्या विचाराचा गाभा असा : नीतीचा आरंभ नियमांच्या पुस्तकात नसून दुसऱ्याच्या चेहऱ्यात आहे, उघडा, असहाय असा तो चेहराच आपणास 'मला मारू नकोस' असे सांगतो, आणि तो आपल्या कोणत्याही कल्पनेत पूर्णपणे मावत नाही. कामी यांच्या चित्रांपुढे उभे राहिले असता हा अवघड विचार एकाएकी सोपा वाटू लागतो.

'जेरूसलेममध्ये'

कामी यांच्या एका चित्रमालेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तिचे नाव 'जेरूसलेममध्ये'. २००५ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात जेरूसलेम येथील धर्मगुरूंचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान धर्माधिकारी त्यात एका रांगेत बसले होते. ज्या नगरीसाठी शतकानुशतके या तीन धर्मांच्या अनुयायांनी एकमेकांचे रक्त सांडले त्या नगरीत हे दृश्य अपूर्वच म्हणावयाचे. परंतु ते एकत्र कशासाठी आले होते? समलिंगी स्त्री-पुरुषांचा एक उत्सव त्या शहरी भरावयाचा होता. त्यास विरोध करण्यासाठी. कित्येक वर्षे ज्यांस एकमेकांशी सख्य जमले नव्हते त्यांचे सख्य जमले ते तिसऱ्या कोणास दार बंद करण्याच्या कामी.

चित्रकाराने या प्रसंगावर व्यंगचित्र काढले असते तर ते सोपे होते, आणि टाळ्याही पडल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी त्या धर्मगुरूंची भव्य चित्रे निरनिराळ्या कापडांवर रंगविली आणि ती शेजारी शेजारी लाविली. प्रत्येकाचे शिरोवस्त्र निराळे, प्रत्येकाच्या दाढीचे वळण निराळे. परंतु ज्या हळुवारपणे ते आपल्या मित्रांचे आणि अनोळखी मनुष्यांचे चेहरे रंगवितात तोच हळुवारपणा येथेही आहे. प्रेक्षक त्यांचे चेहरे पाहतो तो त्यास थकवा, वय, चिंता आणि मनुष्यपणा दिसतो; मग तो छायाचित्राचा प्रसंग आठवतो आणि त्यास अस्वस्थ वाटते. ज्यांनी दुसऱ्यांचा चेहरा पाहण्यास नकार दिला त्यांचाही चेहरा आपण पाहावयाचा की नाही, असा प्रश्न ही चित्रमाला विचारते. तिचे उत्तर देण्याची घाई आम्ही करीत नाही. धर्म शिकविणारे आणि धर्म शिकणारे अशा आपण सर्वांनी तो प्रश्न काही काळ मनाशी वागवावा, एवढेच म्हणतो.

विटा आणि प्रार्थना

चेहऱ्यांखेरीज कामी यांनी आणखी एका प्रकारचे काम केले आहे. त्यास ते 'अनंत प्रार्थना' असे नाव देतात. फारसी, अरबी, हिब्रू, संस्कृत अशा भाषांतील प्रार्थनांचे व काव्याचे मजकूर बारीक आयतांत कापून ते वर्तुळामागून वर्तुळ असे चिकटवितात. दुरून पाहता ती एखाद्या घुमटाची आतील बाजू वाटते. इराणातील जुन्या मशिदींचे घुमट विटांच्या अशाच वर्तुळांनी रचलेले असतात. एकेक वीट क्षुद्र, परंतु सर्व मिळून आकाशाचा आकार धरतात. केवळ पांढऱ्या रंगात रंगविलेली घुमटांची चित्रेही त्यांनी काढली आहेत. तेराव्या शतकातील थोर फारसी कवी जलालुद्दीन रूमी यांचे काव्य दगडी ठोकळ्यांवर उठवून ते ठोकळे जमिनीवर वर्तुळाकार मांडण्याचा प्रयोगही त्यांनी केला. रूमी हे स्वतः बालपणी पूर्वेकडील बल्ख प्रांतातून निघून कुटुंबासह कोन्या शहरी आलेले स्थलांतरितच होते, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

चेहरे आणि विटा यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आम्हास तो असा दिसतो : चेहरा म्हणजे एकटा मनुष्य, घुमट म्हणजे अनेकांनी मिळून वर पाहणे. एकात शब्द नाहीत, दुसऱ्यात मुख नाही. दोन्ही शेजारी ठेविली म्हणजे मनुष्यजीवनाचे दोन अर्धे पुरे होतात.

दोन आक्षेप

कोणत्याही कलावंताचा परिचय केवळ स्तुतीने पुरा होत नाही. कामी यांच्या कलेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, छायाचित्रावरून चित्र काढणे ही नक्कल होय. मग छायाचित्रच का पाहू नये? यावर असे म्हणता येईल की, छायाचित्र क्षणार्धात घेतले जाते, आणि हे चित्र दीर्घ काळ, थरावर थर देत, रंगविले जाते. चित्रकाराने त्या मुखावर खर्चिलेला काळ चित्रात साठून राहतो, आणि पाहणारासही तितकेच थांबावयास लावतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्याचा देश क्रांती व युद्ध यांतून गेला त्या चित्रकाराने आपल्या चित्रांत देशाचे नावही का काढू नये? शिरीन नेशात या दुसऱ्या प्रसिद्ध इराणी कलावती कामी यांच्याच वयाच्या, आणि त्याही अमेरिकेत स्थायिक झालेल्या. १९९३ ते १९९७ या काळात त्यांनी बुरखाधारी स्त्रियांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या मुखांवर आणि हातांवर फारसी काव्य लिहिले. कित्येक चित्रांत बंदूकही आहे. तेथे इतिहास उघड बोलतो. कामी यांच्याकडे तो मुका आहे. आम्हास वाटते की, दोन्ही मार्ग खरे आहेत. जखम दाखविणे हे एक काम आहे; आणि जखमेच्या पलीकडे मनुष्य संपूर्ण उरतो हे दाखविणे हे दुसरे. स्थलांतरिताने सदैव आपल्या देशाचे दुःखच सांगत बसावे ही यजमानांची अपेक्षाही एक प्रकारचे बंधनच असते.

या संदर्भात पारपत्रावरील छायाचित्राचे उदाहरण घ्यावे. तेथेही चेहरा सरळ समोर असतो, मागे काही नसते, हसण्यास मनाई असते. बाह्यतः कामी यांच्या चित्राची हीच मांडणी आहे. परंतु पारपत्र तपासणारा अधिकारी त्या चेहऱ्याकडे काही क्षण पाहतो ते त्यास आत घ्यावे की परत पाठवावे हे ठरविण्यासाठी. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या शासनाने सात देशांतील नागरिकांस प्रवेशबंदी केली, त्यांत इराण होता. त्या वेळी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या भिंतींवर त्या देशांतील कलावंतांची कामे मुद्दाम लाविली. पारपत्र विचारते : हा कोठला? कामी यांचे चित्र तो प्रश्न बाजूस सारून म्हणते : हा पाहा.

अशा या चित्रकाराची कामे २००६ साली उपर्युक्त न्यूयॉर्कच्या संग्रहालयात, २००७ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आणि २००८ साली वॉशिंग्टन येथील सॅकलर संग्रहालयात मांडली गेली. २०२३ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. ज्या युरोपात एके काळी कमाल-उल-मुल्क जुन्या चित्रकारांपुढे शिष्य म्हणून बसले होते तेथे एका इराण्याची चित्रे त्या जुन्या चित्रांच्या सान्निध्यात लागली, ही गोष्ट इराणी कलेच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थिमित्रहो, आज प्रत्येक घरी छायाचित्रे हजारांनी निघतात आणि तितक्याच वेगाने विस्मृतीत जातात. चेहरे पुष्कळ झाले; पाहणे थोडे झाले. वर्गात नवीन विद्यार्थी आला की त्याचे आडनाव, गाव, बोली आणि वेष पाहून आपण मनात त्याची चिठ्ठी लिहून मोकळे होतो, आणि मग त्याच्या मुखाऐवजी ती चिठ्ठीच वर्षभर वाचीत बसतो. हे सर्वांच्या हातून घडते. वडील मंडळींच्या हातूनही. कामी यांची मूळ चित्रे आपणास सहजी पाहावयास मिळणार नाहीत. परंतु त्यांचा धडा येथे बसूनही गिरविता येईल. त्यासाठी पुढील अभ्यास सुचवितो. पालकांनीही त्यात भाग घ्यावा.

१. घरातील एका वडील माणसास दहा मिनिटे आपल्यासमोर बसावयास सांगा. बोलू नका. नंतर त्यांचा चेहरा दहा वाक्यांत लिहा. मात्र 'चांगला', 'वाईट', 'गोरा', 'काळा' हे शब्द वापरू नका.

२. त्याच व्यक्तीचे चित्र पेन्सिलीने, कागदाच्या पूर्ण आकारात काढा. हुबेहूब साधले नाही तरी चालेल. चित्र काढताना जे प्रथमच दिसले ते कोपऱ्यात लिहून ठेवा.

३. वृत्तपत्रातील एखाद्या जमावाचे छायाचित्र घ्या. त्यातील एकच चेहरा निवडून बाकीचा भाग कागदाने झाका. आता त्या मनुष्याविषयी तुम्हांस काय वाटते? कागद काढल्यावर ते मत बदलते काय?

४. 'जेरूसलेममध्ये' या चित्रमालेविषयी वर जो प्रश्न आला आहे त्यावर वर्गात दोन बाजूंनी चर्चा करा. शेवटी मतदान घेऊ नये.

यांपैकी पहिला अभ्यास सर्वांत सोपा दिसतो. वास्तविक तोच सर्वांत कठीण आहे. ज्यांस तो साधला त्यांस चित्रकलेचे आणि शेजारधर्माचेही पहिले पाठ मिळाले, असे समजण्यास हरकत नाही.